पूर्वकर्माचा इतिहास

आजच्या विषयाची पाटी वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. ज्याने आयुष्यभर पगार, बोनस आणि महागाईभत्ता यांवरच तोंड चालविले, त्याने लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेविषयी बोलावे, आणि तेही प्रत्यक्ष शस्त्रक्रियेविषयी नव्हे तर तिच्या अगोदर डॉक्टरांशी होणाऱ्या भेटीविषयी बोलावे, हे कसे? उत्तर सोपे आहे. अमरावती-अकोल्याचे बसचालक, वीजकेंद्रातले ऑपरेटर, शाळामास्तरीण, अडत-दुकानातला मुनीम ही आपली माणसे आता या शस्त्रक्रियेचा विचार करू लागली आहेत. जाण्यापूर्वी ती आमच्याकडे येतात. रजेचा अर्ज कसा लिहावा, विम्याचे पैसे मिळतील काय, असे विचारतात, आणि उठता उठता आवाज खाली आणून आणखी एक प्रश्न विचारतात : "भाऊ, डाक्टरले सारंच सांगा लागते काय?"

या एका प्रश्नात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास दडलेला आहे असे आमचे मत आहे. तोच आज उलगडावयाचा आहे.

कामगाराची आणि डॉक्टराची पहिली गाठ कोठे पडली? रोग बरा करण्यासाठी नव्हे, तर दाखल्यासाठी पडली. हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा १८८१ साली झाला. सात वर्षांखालील मुलाला कामावर घेऊ नये, असे त्याने ठरविले. १८९१ साली ती मर्यादा नऊ वर्षांवर गेली. मूल सात वर्षांचे की नऊ, हे जन्माच्या नोंदीविना कोण सांगणार? तेव्हा डॉक्टराचा दाखला आला. पुढे १९४८ च्या कायद्यात तर 'प्रमाणक शल्यचिकित्सक' असे अधिकारपदच आहे. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण गरिबाच्या घरात त्याचा अर्थ वेगळा झाला. डॉक्टराने 'योग्य' लिहिले तर चूल पेटेल, 'अयोग्य' लिहिले तर विझेल. मग खोकला दाबून धरावयाचा, डोळ्यांपुढे अंधारी येते हे सांगावयाचे नाही, दुखरा गुडघा ताठ ठेवून चालून दाखवावयाचे, ही विद्या बाप लेकाला शिकवू लागला. ड्रायव्हरच्या डोळ्यांची तपासणी असो की भरतीची छाती मोजणे असो, डॉक्टरपुढे लपविणे हा आपल्या लोकांचा स्वभाव नाही. ती पोटासाठी शिकलेली कला आहे.

१९५२ सालच्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे कर्मचारी राज्य विमा योजना सुरू झाली आणि प्रथमच उलटा प्रकार घडला. डॉक्टराने 'आजारी' लिहिले तर घरी बसूनही काही पैसे मिळू लागले. म्हणजे त्याच कागदाने भाकर जाण्याऐवजी भाकर येऊ लागली. परंतु सवय एका कायद्याने जात नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीला जाणारा आमचा माणूस अजून साहेबाच्या केबिनमध्ये शिरल्यासारखा शिरतो. त्याला वाटते, खरे सांगितले तर हा डॉक्टर आपल्याला 'नापास' करील. म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, ही तपासणी मालकाची नव्हे. येथे विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न पूर्वी कोणाच्या तरी जिवावर बेतले म्हणून त्या कागदावर चढलेला आहे. जिनिंगमध्ये पट्ट्याला जाळी असावी हा नियम जसा कोणाचा तरी हात गेल्यावर झाला, तसेच हे आहे.

आता मागे वळून पाहू. सुश्रुताने शल्यकर्माचे तीन भाग सांगितले : पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म. म्हणजे चाकू चालविणे हा मधला तिसरा हिस्सा झाला. पूर्वकर्मात शस्त्रे, यंत्रे, मध, तूप, तेल यांच्याबरोबर 'पिचु' म्हणजे कापूसही तयार ठेवावा असे तो सांगतो. कापसाच्या आमच्या वऱ्हाडाने हे लक्षात ठेवावयास हरकत नाही! भुलीचे औषध नव्हते त्या काळी रोग्याने वेदना सोसाव्यात म्हणून त्याला आधी खाऊ घालावे, मद्य पाजावे, असे त्याचे सामान्य मत आहे. परंतु पोटाचे विकार, मूळव्याध, मुतखडा अशा काही शस्त्रकर्मांत मात्र रोगी उपाशी असावा, असा स्पष्ट अपवादही त्याने केला आहे. मुतखड्याच्या शस्त्रकर्मापूर्वी तो आणखी एक गोष्ट सांगतो. कर्म न केल्यास मृत्यू ठरलेला, केल्यास यश संशयित. म्हणून 'ईश्वराची' म्हणजे धन्याची किंवा राजाची अनुज्ञा घ्यावी. रोग्याची नव्हे, धन्याची! हा मुद्दा ध्यानात असू द्या. त्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

भुलीचे युग एकोणिसाव्या शतकात आले. एडिंबरोच्या सिम्सनने १८४७ च्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म प्रचारात आणले आणि तीन महिने पुरे होण्याच्या आत, २८ जानेवारी १८४८ रोजी, हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना काही मिनिटांत दगावली. क्लोरोफॉर्मच्या मृत्यूंतील ही पहिली नोंद होय. नखासाठी जीव गेला, तेव्हा भूल ही शस्त्रक्रियेइतकीच गंभीर बाब आहे, हे जगाला कळले.

या प्रकरणाचा एक धागा आपल्या बाजूला येतो. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली असले तरी नावाने निजामाचाच मुलूख होते. त्या निजामाच्या पैशाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून डॉक्टराने नाडीवर बोट न ठेवता श्वासावर लक्ष ठेवावे. दुसऱ्या कमिशनासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले, जनावरांवर पुष्कळ प्रयोग झाले, आणि निष्कर्ष लॉरींच्याच बाजूने निघाला. श्वासावर लक्ष ठेवा, हे अर्धे सत्य होते. उरलेले अर्धे १९११ साली लेव्ही यांच्या प्रयोगांनी पुढे आले : हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदयही एकाएकी बंद पडू शकते. कमिशनांचे अहवाल वाचण्यात आमचे केस पांढरे झाले आहेत. तेव्हा एवढेच म्हणतो की, कमिशनला जे हवे असते ते बहुधा सापडते. आज हृदयाचा आलेख काढतात आणि श्वासही तपासतात. दोहोंचे कारण या जुन्या वादात आहे.

उपाशी राहण्याच्या नियमाचा इतिहासही असाच आहे. लिस्टर यांनी १८८३ साली लिहिले होते की, भुलीपूर्वी पोटात घन अन्न नसावे, पण दोन तास आधी थोडा चहा चालेल. १९४६ साली न्यूयॉर्कच्या मेंडेलसन यांनी ४४,०१६ बाळंतपणांची नोंद तपासली. त्यांत ६६ स्त्रियांच्या बाबतीत भुलीखाली पोटातले अन्न अथवा पाणी उलटून श्वासमार्गात गेले होते. दोघी जणी घन अन्नाने गुदमरून मेल्या. त्यानंतर 'मध्यरात्रीनंतर थेंबही नाही' हा नियम जगभर रूढ झाला. पुढे संशोधनाने तो जरा सैल झाला; सामान्यतः हलक्या जेवणानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास, असा हिशेब आता धरतात. येथे आपल्याकडे एक घोटाळा होतो. "फक्त चहाच तर घेतला," असे लोक म्हणतात. दुधाचा चहा हा या हिशेबात पाणी नव्हे, अन्न आहे. घेतला असेल तर सांगावे. शस्त्रक्रिया पुढे ढकलतील, ढकलू द्यावी.

रोग्याला आदल्या संध्याकाळी नव्हे, तर कित्येक दिवस आधी बोलावून भुलीच्या डॉक्टराने तपासावे, ही कल्पना इंग्लंडमधील साउथेंडच्या जे. आल्फ्रेड ली यांनी १९४९ साली मांडली. खाटेवर आडवा पडलेला रोगी प्रश्न विचारत नाही. खुर्चीवर बसलेला विचारतो. आमच्या मते शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीचे निम्मे महत्त्व या खुर्चीत आहे.

आता वजनाच्या शस्त्रक्रियेकडे येऊ. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९५४ साली क्रेमेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळची वाट काढून देणारी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. वजन उतरले, पण पुढे कित्येकांचे यकृत बिघडले, काही दगावले, आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६ साली आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडण्याची पद्धत आणली. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही चालतात. आणि जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याची पद्धत आज फार रूढ आहे. मुंबईत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढून दाखविले, तेव्हापासून आपल्या देशात लहान छिद्रांतून पोटाच्या शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग खुला झाला. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने मोठा टप्पा १९९१ चा. त्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने सांगितले की, अशा रोग्याची पारख एकट्या सर्जनने करू नये. वैद्यक, शल्य, मन आणि आहार या चारही बाजूंचे जाणकार मिळून ती करावी. आतडी जोडता येतात म्हणून जोडू नयेत, हे शिकण्यास सदतीस वर्षे लागली.

त्याच परिषदेने वजनाचा उंबरठा ठरविला. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उत्तर ४० किंवा त्याहून अधिक आले, अथवा ३५ च्या वर असून सोबत गंभीर आजार असला, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा. एक मीटर साठ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन नव्वद किलो असेल तर उत्तर ३५ च्या किंचित वर येते. २०२२ साली जागतिक संघटनांनी हा उंबरठा खाली आणला, आणि आशियातील लोकांसाठी आणखी खाली. कारण आपल्याकडे कमी वजनावरही मधुमेह गाठतो. हे सूत्र मुळात बेल्जियमच्या केतले यांचे, १८३२ चे. ते रोगासाठी नव्हतेच, सरासरी माणसाचे गणित मांडण्यासाठी होते. कापसाच्या बाजारात आपला शेतकरी आधी काट्याकडे पाहतो, मग भावाकडे. तीच दृष्टी येथे ठेवावी. आकडा काय आला, एवढेच विचारू नये. तो कशाचा, आणि माझ्या साखरेचा, रक्तदाबाचा, गुडघ्यांचा त्याच्याशी संबंध काय, हेही विचारावे.

हा काटा आपल्याकडे एवढ्या उशिरा का आला? ज्या मुलखाने १८९९-१९०० चा दुष्काळ पाहिला, त्या मुलखात भरलेले अंग हे खात्यापित्या घराचे लक्षण ठरणारच. आणि आजही त्याच अमरावती जिल्ह्यात एका टोकाला मेळघाटात मुलाचे वजन वाढत नाही म्हणून आई रडते आणि शहरात वजन उतरत नाही म्हणून माणूस शस्त्रक्रियेची तारीख घेतो. दोघांनाही 'तुझीच चूक' असे म्हणणारे लोक असतात. उपासमारीला आळस कारण नाही हे आम्ही व्यासपीठावरून सांगत आलो. लठ्ठपणाला केवळ जिभेचे चोचले कारण नाहीत, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. रात्रपाळी, चौदा-चौदा तासांची बैठक, स्टँडवरची कचोरी आणि साखरेचा चहा, शिवाय रक्तातून आलेला वारसा, हे सारे त्यात आहे. म्हणून लाजत जाऊ नये.

आता प्रत्यक्ष भेटीत काय विचारतात, आणि का, हे थोडक्यात सांगतो. तंबाखू आणि खर्रा यांविषयी विचारतात, कारण त्यांनी जखम भरण्यास अडथळा येतो आणि फुफ्फुसे बिघडतात. कित्येक आठवडे आधी ते बंद करावे लागते. तोंडाला वास येऊ नये म्हणून बडीशेप चघळून जाणाऱ्याने आपलीच फसवणूक केली. दारूविषयी विचारतात, कारण शस्त्रक्रियेनंतर ती लवकर आणि जास्त चढते, आणि यकृताचा हिशेब आधीच द्यावयाचा असतो. घोरता काय, असे विचारतात. आपण घोरणे म्हणजे गाढ झोप समजतो. पण झोपेत श्वास अडकण्याचा विकार भुलीखाली घातक ठरू शकतो, आणि त्यावर हवेच्या दाबाचे यंत्र १९८१ पासून उपलब्ध आहे. याचे उत्तर घोरणाऱ्याने नव्हे, शेजारी झोपणाऱ्याने द्यावे. तोंड उघडून जीभ बाहेर काढावयास सांगतात. घशात नळी घालणे सोपे की अवघड, हे ताडण्याची ही रीत आंध्रात जन्मलेल्या डॉ. मल्लमपती यांनी १९८५ साली घालून दिली. रक्तातील लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व पाहतात, कारण शस्त्रक्रियेनंतर ही कमतरता वाढते आणि गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. मनाच्या डॉक्टराकडे पाठवितात. म्हणजे आपणास वेडे ठरविले असे नव्हे. जो माणूस दुःखात खातो, त्याचे खाणे बंद झाल्यावर दुःख कोठे जाईल, हे कोणीतरी आधी पाहिलेच पाहिजे. बाईमाणसाला गर्भधारणेविषयी विचारतात, कारण पुढे वर्ष-दीड वर्ष ती टाळावी लागते.

बहुधा शेवटचे दोन आठवडे अगदी थोडा, पातळ आणि प्रथिनांचा आहार देतात. पुष्कळांना वाटते, ही वजन उतरविण्याची परीक्षा आहे. खरे कारण वेगळे. लठ्ठ माणसाचे यकृत चरबीने फुगून जठरावर पसरलेले असते. या आहाराने ते आकसते आणि सर्जनला वाट मिळते. शेवटच्या रात्री बहिणीने प्रेमाने पुरणपोळी वाढली तर ती वाट बुजविली असे समजावे. मात्र मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने हा आहार सुरू करण्यापूर्वी गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. नाही तर साखर एकदम उतरते. म्हणून सोबत न्यावयाच्या वस्तू तीन : घरातील सर्व औषधांची रिकामी पाकिटे, काढ्या-चूर्णासकट, इर्विनचा असो की सर्वोपचारचा, प्रत्येक जुना केसपेपर, आणि घरी स्वयंपाक करणारी व्यक्ती. शस्त्रक्रिया एकाच्या पोटावर होते, पण ती चालते चुलीपाशी.

पैशाचेही बोललेच पाहिजे. विमा नियामकाने २०१९ साली घालून दिलेल्या कलमानुसार, डॉक्टरांचा सल्ला असेल, वय अठरा वर्षे पुरे असेल, आणि ते गुणोत्तर ४० किंवा ठरावीक गंभीर आजारांसह ३५ असेल, तर ही शस्त्रक्रिया केवळ लठ्ठपणाची म्हणून नाकारता येत नाही. आपल्या पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ मात्र आधी वाचावा. एकूण खर्च किती, त्यात काय धरलेले नाही, गुंतागुंत झाल्यास पुढे काय, हे लेखी मागावे. नागपूर-मुंबईस जावयाचे असेल तर सोबतीचा माणूस कोठे राहील, हाही पूर्वकर्माचाच भाग आहे. हे ओळखणारा महापुरुष आपल्याच जिल्ह्यातला. शेंडगावच्या गाडगेबाबांनी दूरच्या गावाहून आलेल्या गरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत रुग्णांच्या नातलगांना त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही पथारी मिळते. उपचार म्हणजे केवळ औषध नव्हे, हे त्या निरक्षर माणसाला कळले होते.

आता त्या धन्याच्या अनुज्ञेकडे येतो. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींवर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ते येरवड्याचे कैदी होते. म्हणजे त्यांचा 'ईश्वर' ब्रिटिश सरकार होते. सर्जन कर्नल मॅडॉक हे सरकारचे नोकर. तरीही चाकू लावण्यापूर्वी नामदार श्रीनिवास शास्त्री यांना बोलावण्यात आले, निवेदन तयार झाले, गांधींनी ते ऐकले, आपल्या संमतीचे आणि डॉक्टरवरील विश्वासाचे शब्द नीट करून घेतले आणि थरथरत्या हाताने सही केली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. लोक त्या कंदिलाची गोष्ट सांगतात. आम्हांला त्या सहीची अधिक महत्त्वाची वाटते. धन्याच्या कोठडीतला माणूस आपल्या देहाचा धनी राहिला.

स्वतंत्र भारतात हे तत्त्व कायद्याने पक्के होण्यास २००८ साल उजाडले. एका स्त्रीला तपासणीसाठी भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, रुग्ण सज्ञान आहे आणि जिवावरचा तातडीचा प्रसंग नाही, तेव्हा दुसऱ्याची संमती चालणार नाही. आणि संमती म्हणजे नुसती सही नव्हे, तर काय करणार, का करणार, धोके कोणते, दुसरा मार्ग कोणता, हे कळल्यानंतरची सही होय. सुश्रुताच्या 'ईश्वराला' रजा देणारा हा निर्णय आहे. तरीही आमच्या घरांतून अजून विचारतात, "हिच्या ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार, नवरा की सासरा?" सही तिची. नवऱ्याने सोबत बसावे, ऐकावे, रात्री जागावे. पण देह तिचा आहे.

तेव्हा मित्रहो, 'सारंच सांगा लागते काय' या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : होय, सारेच सांगावे लागते; आणि सारेच विचारावेही लागते. करार एकतर्फी नसतो हे आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर शिकलो. आपण खर्रा सांगावा, त्यांनी धोका सांगावा. आपण घोरणे सांगावे, त्यांनी खर्च सांगावा. प्रश्न घरून कागदावर लिहून न्यावेत, कारण पांढऱ्या कोटापुढे भल्याभल्यांची वाचा बसते. उत्तर समजले नाही तर पुन्हा विचारावे. आणि तरीही मन घेत नसेल तर 'आज नको' म्हणून उठून यावे. तोही आपला हक्क आहे. ज्यांच्या मरणाने हा प्रश्नांचा कागद भरला, त्यांना असा कागद मिळाला नव्हता. आपल्याला मिळाला आहे. तो खऱ्या उत्तरांनी भरावा.